चित्रकार रवींद्रनाथ : उतारवयातील एक छंद

कविवर्य रवींद्रनाथ ठाकुर यांचे नाव उच्चारताच 'गीतांजली', १९१३ सालचे नोबेल पारितोषिक, शांतिनिकेतन आणि आपले राष्ट्रगीत या गोष्टी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु या महापुरुषाने वयाची पासष्ट वर्षे उलटल्यावर कुंचला हाती घेतला आणि आयुष्याच्या अखेरच्या तेरा-चौदा वर्षांत दोन हजारांहून अधिक चित्रे काढली, ही हकीकत आपल्या घराघरांतून तितकीशी परिचित नाही. ज्ञातिबंधुभगिनींना, आणि विशेषतः आता नवे काय शिकायचे असे म्हणून स्वस्थ बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना, ती रुचेल अशा विश्वासाने येथे सादर करीत आहे.

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ रोजी कलकत्त्यास जोडासांको येथील प्रसिद्ध ठाकुरवाड्यात झाला. महर्षी देवेंद्रनाथांच्या हयात अपत्यांत ते सर्वांत धाकटे. घरात विद्वत्ता, संगीत व नाट्य यांचा सुकाळ होता. पण शाळेशी या मुलाचे कधीच जमले नाही. ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बेंगॉल अकॅडमी, सेंट झेवियर्स अशा शाळा झाल्या. एकीतही त्याचे मन रमले नाही. १८७८ साली त्यास विलायतेस धाडले, तेथूनही तो १८८० मध्ये पदवीवाचून परतला. कर्तबगार थोरल्या बंधूंच्या पंक्तीत हा मुलगा काही कामाचा निघेल असे घरच्यांस फारसे वाटत नसे, आणि त्याची बोच त्यास होती.

विलायतेस जाण्यापूर्वी इंग्रजी रीतिभाती अंगवळणी पडाव्यात म्हणून ज्येष्ठ बंधू सत्येंद्रनाथांनी त्यास मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी ठेवले होते. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी हे गृहस्थ. विलायतेहून शिकून आलेली त्यांची कन्या अन्नपूर्णा हिच्याकडे या सतरा वर्षांच्या लाजाळू बंगाली मुलाची शिकवणी आली. रवींद्रनाथांनी तिला 'नलिनी' असे नाव दिले. त्यांच्या रूपाची पहिली स्तुती तिच्याच तोंडून त्यांनी ऐकली, आणि चेहऱ्याची रेषा झाकली जाईल म्हणून दाढी कधी राखू नये असे तिने त्यांना बजावले होते, ही आठवण त्यांनी ऐंशीच्या घरात असताना लिहून ठेवली आहे. तो सल्ला त्यांनी कितपत पाळला हे त्यांचे कोणतेही छायाचित्र सांगेल. तथापि कौतुकाचा एक शब्द माणूस साठ वर्षे जपून ठेवतो, याचा हा मराठी घरातला दाखला मला मोलाचा वाटतो.

काव्यात त्यांना आत्मविश्वास लवकर लाभला. चित्रकलेची गोष्ट मात्र निराळी. लहानपणी चित्रकलेचे मास्तर घरी येत, पण हात काही वळला नाही. बंधू ज्योतिरिंद्रनाथ पेन्सिलीने माणसांचे चेहरे हुबेहूब उतरवीत. चुलतघराण्यातील पुतणे गगनेंद्रनाथ व अवनींद्रनाथ हे तर पुढे हिंदी चित्रकलेचे अध्वर्यू ठरले. त्यांची भगिनी सुनयनीदेवी हिने कोणाही गुरूवाचून, संसार सांभाळीत, तिशीच्या सुमारास चित्रे काढण्यास प्रारंभ केला आणि तिचीही गणना चित्रकारांत झाली. (आपल्या भगिनींनी या नावाची अवश्य नोंद घ्यावी.) अशा घरात आपणास रेघ ओढता येत नाही ही जाणीव माणसास अधिकच सलते. १९०० साली जगदीशचंद्र बोस यांना धाडलेल्या पत्रात आपण चित्रवही घेऊन बसतो, परंतु पेन्सिलीपेक्षा रबरच अधिक झिजवतो, अशी थट्टा रवींद्रनाथांनी स्वतःचीच केली आहे. त्या थट्टेमागची हार लपत नाही. तो नाद त्यांनी सोडला. १९१९ साली शांतिनिकेतनात कलाभवन उघडून नंदलाल बोस यांच्यासारखा कलावंत त्यांनी तेथे आणला, पण स्वतः मात्र कडेला उभे राहून पाहत राहिले.

मग हा छंद जडला कसा? तर खाडाखोडीतून! हस्तलिखितात शब्द खोडावा लागला की तो विद्रूप डाग त्यांच्या डोळ्यांस खुपे. म्हणून ते एका खोडलेल्या शब्दापासून दुसऱ्यापर्यंत रेघा ओढून सांधा जुळवीत. त्यातून कधी वेल, कधी पक्ष्याची चोच, कधी भलताच विक्राळ प्राणी आकारास येई. १९२४ साली पेरू देशाच्या आमंत्रणावरून ते निघाले असता वाटेत आजारी पडले आणि अर्जेंटिनात ब्यूनॉस आयरीसजवळ सान इसिद्रो येथे सुमारे दोन महिने त्यांना थांबावे लागले. व्हिक्टोरिया ओकाम्पो या विदुषीने त्यांची सर्व व्यवस्था लावली. तेथे चाललेल्या 'पूरबी' काव्यसंग्रहाची वही तिच्या दृष्टीस पडली. कवितेचा अर्थ तिला कळत नव्हता, परंतु पानोपानीची ती खाडाखोड पाहून ती चकित झाली आणि तिने त्याची प्रशंसा केली. बंगाली येत नसल्यामुळेच तिची नजर प्रथम रेषेवर पडली असावी.

१९२८ च्या सुमारास ही रेषा कवितेच्या वहीतून बाहेर पडून कोऱ्या कागदावर आली. मग मात्र वेड लागल्यासारखे झाले. हाती येईल तो कागद, लिहिण्याची शाई, कुंचला नसेल तर लेखणीची मागची बाजू, चिंधी, नाही तर बोट. एकेका बैठकीत चित्र पुरे. विचित्र पशुपक्षी, मुखवटे, सांजवेळचे वृक्ष आणि पुनःपुन्हा येणारा एक लांबट, मूक, खिन्न स्त्रीचेहरा. चित्रांना ते बहुधा नावे देत नसत; पाहणाऱ्याने काय ते समजावे. तांबडा व हिरवा हे रंग त्यांस नीट ओळखू येत नसावेत असे अभ्यासकांनी पुढे अनुमान काढले आहे. तसे असेल तर इतरत्र जे व्यंग ठरले असते ते येथे आड आले नाही, कारण निसर्गाची नक्कल करणे हा त्यांचा हेतूच नव्हता.

येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. जगन्मान्य कवीला आत्मविश्वासाची वाण कशाची, असे कोणी विचारील. परंतु कीर्तीचे ओझे फार वाईट. त्यांच्या प्रत्येक ओळीकडे सारा देश डोळे लावून बसलेला असे, आणि आपल्या कवितांची इंग्रजी रूपांतरे मुळाला न्याय देत नाहीत ही खंत त्यांना सतत जाळीत असे. पश्चिमेकडील त्यांच्या नावाचा बोलबालाही १९२० नंतर ओसरत चालला होता. चित्राच्या प्रांतात ते कोणीच नव्हते. तेथे त्यांच्याकडून कसलीच अपेक्षा नव्हती, फसले तरी नुकसान नव्हते, आणि भाषांतराची गरज तर नव्हतीच. रबर झिजविणारा तो संकोची हात याच मोकळेपणात धीट झाला, असे मला वाटते.

मात्र स्वदेशी ती चित्रे दाखविण्याचा धीर त्यांना होईना. १९३० साली ते चित्रांची बाडे घेऊन फ्रान्सला गेले. ओकाम्पोबाई तेव्हा पॅरिसमध्ये होत्या. प्रदर्शनाला दालन मिळविण्यास एरवी महिनोन्‌महिने लागत. या बाईंनी अल्पावधीत सर्व जमवून आणले, आणि २ मे १९३० रोजी गॅलरी पिगाल येथे सव्वाशे चित्रांचे प्रदर्शन उघडले. वयाचे एकोणसत्तरावे वर्ष संपत आलेला मनुष्य आयुष्यातील आपले पहिले चित्रप्रदर्शन परक्या शहरात, जाणकारांपुढे मांडून उभा आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणावे! पॅरिसच्या रसिकांनी चित्रे गंभीरपणे पाहिली. त्यापाठोपाठ बर्मिंगहॅम, लंडन, बर्लिन, ड्रेस्डेन, म्युनिक, कोपनहेगन, जिनिव्हा, मॉस्को, पुढे बॉस्टन व न्यूयॉर्क अशी प्रदर्शनांची मालिकाच लागली. बर्लिनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहाने त्यांतील पाच चित्रे ठेवून घेतली.

त्यानंतरच ती चित्रे मायदेशी लोकांपुढे आली. १९३१ च्या डिसेंबरात कलकत्त्यास त्यांच्या सत्तरीच्या समारंभात, आणि १९३३ साली आपल्या मुंबईतही. येथे पुष्कळ जण बुचकळ्यात पडले, काहींनी नाके मुरडली. अवनींद्रनाथांच्या परंपरेतील नाजूक, पौराणिक चित्रांची सवय झालेल्या डोळ्यांना ते राकट आकार पचणे कठीणच होते. तरुणपणी अशा नापसंतीने हात आखडला असता. आता तो थांबला नाही. १९३७ साली 'खापछाडा' आणि 'से' ही मुलांसाठीची गंमतीदार पुस्तके त्यांनी स्वतःच सचित्र केली. त्याच वर्षी सप्टेंबरात ते एकाएकी बेशुद्ध पडले आणि प्राणावरचे संकट टळते की नाही अशी अवस्था झाली. शुद्धीवर येऊन थोडी शक्ती येताच त्यांनी पहिल्याने रंग व कुंचला मागवून घेतला आणि प्लायवुडच्या एका तुकड्यावर निसर्गदृश्य रंगविले.

७ ऑगस्ट १९४१ रोजी, ज्या वाड्यात जन्म झाला त्याच वाड्यात, रवींद्रनाथ निवर्तले. त्यांच्या चित्रांचा मोठा साठा शांतिनिकेतनातील रवींद्रभवनात आहे. भारत सरकारने त्यांच्या कलाकृती राष्ट्रीय ठेवा म्हणून संरक्षिल्या असल्यामुळे त्या आता देशाबाहेर नेता येत नाहीत. अर्जेंटिनाच्या प्रवासात त्यांचे चिटणीस म्हणून सोबत असलेल्या लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या डार्टिंग्टन हॉल या संस्थेजवळ बारा चित्रे होती. ती जून २०१० मध्ये लंडनला लिलावात निघाली, तेव्हा त्यांना सुमारे सोळा लाख पौंड आले.