एडा लव्हलेस : एका भाषांतरकर्तीच्या टिपा

भाषांतराला जोडलेल्या टिपा मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट व्हाव्यात, आणि कालांतराने मूळ लेख मागे पडून त्या टिपाच अभ्यासिल्या जाव्यात, असा योग ग्रंथव्यवहारात क्वचितच येतो. इंग्लंडात १८४३ साली तो आला. लेख फ्रेंच भाषेतील, लेखक इटालियन, विषय एक गणनयंत्र, जे तेव्हा केवळ आराखड्यांत होते आणि पुढेही पूर्णत्वास गेले नाही. भाषांतर करणारी स्त्री सत्तावीस वर्षांची, तीन मुलांची आई, आणि कवी बायरनची कन्या होती.

ऑगस्टा एडा बायरन हिचा जन्म लंडन येथे १० डिसेंबर १८१५ रोजी झाला. ती महिन्याची असतानाच आई ॲनाबेला तिला घेऊन माहेरी निघून गेली. १८१६ च्या एप्रिलमध्ये बायरनने इंग्लंड सोडले ते कायमचे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'चाइल्ड हॅरल्ड'च्या तिसऱ्या सर्गाच्या प्रारंभी त्याने या मुलीला संबोधिले आहे. परंतु पितापुत्रींची पुन्हा भेट झाली नाही. १८२४ साली ग्रीसमध्ये तो निवर्तला तेव्हा एडा आठ वर्षांची होती. ॲनाबेला स्वतः गणितात जाणकार होती. पित्याचा बेबंद स्वभाव मुलीत उतरू नये म्हणून तिने कन्येला गणिताचे कडक पथ्य लावले. एडाच्या गणिताध्ययनाचा आरंभ असा उत्तेजनातून नव्हे, धास्तीतून झाला. औषध म्हणून दिलेली विद्या तिच्या आवडीचे अन्न ठरली, हा मात्र तिचा स्वतःचा पराक्रम.

बाराव्या वर्षी पक्ष्यांच्या पंखांचा अभ्यास करून तिने उडत्या यंत्राची कल्पना रचली. १८२९ साली गोवरानंतर ती दीर्घकाळ अंथरुणाला खिळली, आणि पुढे काही काळ कुबड्यांच्या आधाराने चालली. शिक्षण थांबले नाही. तिच्या मार्गदर्शकांत मेरी सॉमरव्हिल होती, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. लाप्लासच्या खगोलयांत्रिकीचे सॉमरव्हिलने केलेले विवरणात्मक इंग्रजी रूपांतर १८३१ साली प्रसिद्ध झाले होते. विद्यापीठांची दारे बंद असलेल्या स्त्रीला शास्त्राच्या प्रांतात जाण्यास भाषांतराची एक खिडकी उघडी होती, याचा हा वस्तुपाठच होता.

जून १८३३ मध्ये एडाची चार्ल्स बॅबेजशी ओळख झाली आणि त्याच्या पहिल्या गणनयंत्राचा सिद्ध झालेला भाग तिने पाहिला. १८३५ साली विल्यम किंगशी तिचा विवाह झाला. १८३८ साली पतीला अर्लपद मिळाल्यावर ती काउंटेस ऑफ लव्हलेस झाली. १८४१ साली पती रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. त्या संस्थेत स्त्रियांना सदस्यत्व मिळण्यास १९४५ साल उजाडावे लागले.

१८४० पासून ऑगस्टस डी मॉर्गन तिला पत्रद्वारे उच्च गणित शिकवू लागला. याचा जन्म मदुराईचा. दिल्लीचे गणिती रामचंद्र यांचा ग्रंथ १८५९ साली लंडनमध्ये पुनर्मुद्रित झाला तोही याच्याच प्रयत्नाने. परक्या देशातील गुण ओळखणाऱ्या या उदार गुरूने शिष्येची योग्यताही अचूक ओळखली होती. १८४४ साली तिच्या आईला लिहिलेल्या पत्रात त्याने तिच्या बुद्धीची असामान्य थोरवी मान्य केली. मात्र गणिताचा ताण स्त्रीच्या शरीराला सोसणार नाही या भीतीने हे मत आपण तिला कधी कळू दिले नाही, असेही नमूद केले.

बॅबेजने १८४० साली तुरिन येथे आपल्या वैश्लेषिक यंत्राची कल्पना मांडली. तिच्या आधारे मेनाब्रेआ या तरुण अभियंत्याने, जो पुढे इटलीचा पंतप्रधान झाला, १८४२ साली फ्रेंच लेख लिहिला. एडाने त्याचे भाषांतर केले. स्वतंत्र लेखच का लिहिला नाही, असे बॅबेजने विचारले. ते आपल्याला सुचलेच नाही, असे तिचे उत्तर होते. मग त्याच्या सूचनेवरून तिने सात टिपा जोडल्या. खाली केवळ आद्याक्षरे घातली.

या टिपांतील मर्म असे : हे यंत्र केवळ आकडे मोजणारे नाही, ज्यांचे परस्परसंबंध चिन्हांनी मांडता येतात अशा कोणत्याही वस्तूंवर, उदाहरणार्थ संगीताच्या स्वरांवर, ते क्रिया करू शकेल. जकार्डच्या मागावर छिद्रांकित पत्र्यांनी नक्षी विणली जाते तशी येथे बीजगणिताची विणली जाईल. मात्र यंत्र स्वतः काही निर्माण करीत नाही, ही मर्यादाही तिने सांगितली. शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढण्याची क्रमवार कृती कोष्टकात दिली आहे. ही कृती कितपत तिची आणि कितपत बॅबेजची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; बॅबेजने तत्पूर्वी अशा काही कृती स्वतः रचल्या होत्या हेही खरे. परंतु आकड्यापलीकडे चिन्हाकडे पाहणारी दृष्टी तिची होती, याविषयी फारसे दुमत नाही.

उत्तरायुष्य सुखाचे नव्हते. घोड्यांच्या शर्यतींत ती कर्जबाजारी झाली. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी, छत्तिसाव्या वर्षी, गर्भाशयाच्या कर्करोगाने तिचा अंत झाला. बायरनही याच वयात गेला होता. तिच्या इच्छेनुसार हकनॉल येथील चर्चमध्ये, ज्याला तिने तान्हेपणानंतर कधी पाहिले नव्हते त्या पित्याशेजारी, तिला पुरण्यात आले.

१९५० साली ॲलन ट्युरिंगने यंत्राच्या बुद्धीची चर्चा करताना तिच्या त्या मर्यादेचा नावानिशी प्रतिवाद केला. १९५३ साली संगणकांवरील एका इंग्रजी ग्रंथात तिच्या टिपा पुन्हा छापल्या गेल्या; १९८० साली अमेरिकी संरक्षण खात्याने स्वीकारलेल्या संगणकभाषेला तिचे नाव मिळाले.

मुलींना संगणकविद्येकडे वळविण्याची निकड आज सर्वत्र बोलली जाते. या चरित्रात त्या विचाराची सामग्री आहे. एडाला लहानपणी पुस्तके मिळाली, समोर सॉमरव्हिलचे उदाहरण होते, आणि स्वतः का लिहीत नाहीस असे विचारणारा एक सहकारी लाभला. संस्थेत जागा मिळाली नाही. आणि तिच्या योग्यतेचा निर्वाळा, जो तिच्या गुरूपाशी तयार होता, तो त्याने तिच्याऐवजी तिच्या आईला कळविला.