कोठडीतील उमेदवार

सतराव्या वर्षी कोरियन युद्धाच्या बातम्या ‘मनिला टाइम्स’ला धाडणारे बेनिग्नो अक्विनो पुढे फिलिपिन्सचे सिनेटर झाले. १९७३ मध्ये मार्कोस यांची मुदत संपणार होती. अक्विनो अध्यक्षपदाचे प्रबळ दावेदार मानले जात. सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारून मार्कोस यांनी निवडणुकीचा प्रश्नच निकालात काढला. अक्विनो गजाआड गेले, वृत्तपत्रांना टाळे लागले. १९७७ मध्ये लष्करी न्यायाधिकरणाने त्यांना मृत्युदंड ठोठावला. तरीही एप्रिल १९७८ मध्ये ते कोठडीतूनच निवडणुकीस उभे राहिले. मतदानाच्या आदल्या रात्री मनिलाकरांनी भांडी बडवून, भोंगे वाजवून शहर दणाणून सोडले. मतमोजणीत मात्र राजधानीतील २१ च्या २१ जागा सत्ताधाऱ्यांच्या! १९८० मध्ये हृदयशस्त्रक्रियेसाठी अमेरिकेस गेलेले अक्विनो २१ ऑगस्ट १९८३ रोजी परतले आणि मनिला विमानतळावरच गोळी लागून कोसळले.