ज्याचे मन दुखावले, त्याच्याच दारी



हेवीवेट मुष्टियुद्धाचा विषय निघाला की एक वाद हटकून रंगतो. या वजनगटातील आजवरचा सर्वश्रेष्ठ योद्धा कोण? कोणी जो लुईस यांचे नाव घेतो, कारण १९३७ पासून १९४९ पर्यंत जगज्जेतेपद त्यांच्याकडे होते. कोणी रॉकी मार्सियानो यांचा दाखला देतो. ४९ लढती आणि ४९ विजय. कोणाला जॉर्ज फोरमन यांच्या ठोशाची ताकद अतुलनीय वाटते, तर कोणाला जो फ्रेझर यांची जिद्द. मात्र बहुतेक वेळा चर्चा येऊन थांबते ती मुहम्मद अली यांच्या नावावर. तुमच्या घरातील तरुणांनीही हा वाद कधी ना कधी घातला असेल.

आज मी तुम्हाला याच मुहम्मद अली यांचे जीवन सांगणार आहे, पण तो वाद मिटविण्यासाठी नव्हे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी चेहऱ्यावर मारण्यास मनाई केली आहे. ज्या खेळात प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर व चेहऱ्यावर आघात करणे हेच उद्दिष्ट असते, तो खेळ अनेक उलेमांनी नाजायज ठरविला आहे. तेव्हा ठोशांचे गुणगान करावे, हा या लेखाचा हेतू नाही. अली यांच्या आयुष्यात ठोशांहून खोल गेलेले काही घाव आहेत. ते त्यांच्या जिभेने केले, आणि त्यांचे ओझे त्यांनी वार्धक्यापर्यंत वाहिले. त्या घावांची हकीकत तुमच्यापुढे ठेवावी, असे मनात आहे.

सायकल चोरीला गेलेला मुलगा

अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात १७ जानेवारी १९४२ रोजी अली यांचा जन्म झाला. आईवडिलांनी ठेवलेले नाव कॅशियस क्ले. वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत; आई गोऱ्यांच्या घरी कामाला जाई. ते दिवस वर्णभेदाचे होते. काळ्या माणसांची वस्ती वेगळी, शाळा वेगळी आणि उपाहारगृहाचे दार त्यांच्यासाठी बंद. बारा वर्षांचे असताना त्यांची नवी सायकल चोरीला गेली. चोर सापडला तर त्याला बडवून काढीन, असे रडत रडत सांगणाऱ्या त्या मुलाला जो मार्टिन नावाच्या पोलिसाने सल्ला दिला की, आधी लढायला तर शीक. मार्टिन फावल्या वेळात मुलांना मुष्टियुद्ध शिकवीत असत. तेथूनच सुरुवात झाली.

१९६० साली रोमच्या ऑलिम्पिकमध्ये अठरा वर्षांच्या या तरुणाने लाइट हेवीवेट गटात सुवर्णपदक जिंकले. देशासाठी पदक आणले, तरी गावातील गोऱ्यांच्या उपाहारगृहांचे दार काही उघडले नाही. पुढे २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी येथे त्यांनी बलदंड सोनी लिस्टन यांचा पराभव केला आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी ते हेवीवेटचे जगज्जेते झाले. आपणच सर्वश्रेष्ठ, ही घोषणा ते लढतीआधीच करीत. प्रतिस्पर्ध्याची यमक जुळवून टिंगल करणे हा त्यांच्या जाहिरातीचा भाग होता. त्याने तिकिटे खपत आणि लोक हसत. त्या हशाची किंमत पुढे कोणाला चुकवावी लागली, ते तुम्हाला दिसेलच.

नावासाठी केलेला संघर्ष

जगज्जेतेपद मिळताच त्यांनी जाहीर केले की आपण नेशन ऑफ इस्लाम या संघटनेचे अनुयायी आहोत. येथे वाचकांनी एक बाब ध्यानात घ्यावी. एलायजा मुहम्मद यांच्या त्या संघटनेचे नाव इस्लामी असले, तरी तिची वंशविषयक शिकवण आणि काही श्रद्धा कुरआन व सुन्नतच्या विरुद्ध होत्या. अली यांना खरा मार्ग गवसायला अजून काही वर्षे होती. परंतु कॅशियस क्ले हे गुलामगिरीच्या काळाची खूण असलेले नाव टाकून त्यांनी मुहम्मद अली हे नाव स्वीकारले, आणि त्या नावाला ते अखेरपर्यंत जागले.

अमेरिकेने मात्र ते नाव सहजासहजी मान्य केले नाही. अनेक वृत्तपत्रे कित्येक वर्षे त्यांना क्ले असेच संबोधत राहिली. १९६७ च्या फेब्रुवारीत अर्नी टेरेल यांच्याशी लढत ठरली. टेरेलही त्यांना मुद्दाम जुन्या नावाने पुकारीत होते. त्या लढतीच्या पंधरा फेऱ्यांत अली ठोसे मारीत आणि पुन्हा पुन्हा विचारीत की, माझे नाव काय? बघणाऱ्यांना ते क्रूर वाटले. तरी त्यामागची वेदना आपल्याला समजू शकते. माणसाचे नाव हा त्याचा सन्मान असतो, आणि त्यांचा सन्मान हिसकावला जात होता.

त्याच वर्षी २८ एप्रिल रोजी ह्यूस्टन येथे त्यांनी व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास धर्मश्रद्धेच्या आधारे नकार दिला. जगज्जेतेपद काढून घेण्यात आले, लढण्याचा परवाना गेला, पासपोर्ट गेला. जूनमध्ये न्यायालयाने पाच वर्षांचा तुरुंगवास आणि दहा हजार डॉलर दंड ठोठावला. अपील चालू असल्याने ते तुरुंगाबाहेर राहिले, पण पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत, ऐन भरातल्या काळात, त्यांना लढता आले नाही. शेवटी २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शिक्षा रद्द केली. संपत्ती आणि कीर्ती समोर असताना विवेकासाठी ती सोडून देणे, हे सर्वांना जमत नाही. येथे त्यांची थोरवी मान्य करावीच लागेल.

ज्याने मदत केली, त्यालाच दुखावले

आता लेखाच्या मुख्य भागाकडे येऊ. अली यांच्यावर बंदी असताना जगज्जेते झाले ते जो फ्रेझर. दक्षिण कॅरोलिनातील गरीब शेतकरी कुटुंबात ते जन्मले. पुढे फिलाडेल्फियातील कत्तलखान्यात त्यांनी काम केले आणि १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक पटकावले. कष्टाळू आणि मितभाषी माणूस. अली यांना परवाना परत मिळावा म्हणून या फ्रेझर यांनीच राष्ट्राध्यक्षांपर्यंत रदबदली केली. अडचणीच्या दिवसांत पैशांचीही मदत केल्याचे ते सांगत.

८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघे समोरासमोर आले. दोघेही तोवर अपराजित. लढतीआधी अली यांनी फ्रेझर यांना गोऱ्यांचा हुजऱ्या म्हटले, कुरूप म्हटले, अडाणी म्हटले. ज्यांनी स्वतः वर्णभेद सोसला, त्यांनी आपल्याच रंगाच्या गरीब माणसाला असे हिणवावे! त्या दिवशी पंधराव्या फेरीत फ्रेझर यांच्या डाव्या ठोशाने अली जमिनीवर कोसळले आणि लढत फ्रेझर यांनी जिंकली. १९७४ च्या जानेवारीत दुसरी लढत अली यांनी जिंकली. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला झाईरच्या किन्शासा शहरात त्यांनी जॉर्ज फोरमन यांना आठव्या फेरीत हरवून गेलेले जगज्जेतेपद परत मिळविले.

तिसरी लढत १ ऑक्टोबर १९७५ रोजी फिलिपिन्समध्ये मनिलाजवळ झाली. त्याआधी अली यांनी हद्दच केली. फ्रेझर यांना त्यांनी गोरिला म्हटले, आणि खेळण्यातला गोरिला पत्रकारांसमोर नाचवून त्याला ठोसे मारले. सारे जग हसले. फ्रेझर यांच्या मुलांना मात्र शाळेत त्याच नावाने टोमणे ऐकावे लागले. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. ज्याने माझे नाव काय म्हणून पंधरा फेऱ्या विचारले, त्यानेच दुसऱ्याचे नाव बिघडविले. सूरह हुजुरातमध्ये अल्लाहने ईमानवंतांना एकमेकांची टिंगल करण्यास आणि वाईट नावांनी पुकारण्यास स्पष्ट मनाई केली आहे. ज्याची टिंगल होते तो टिंगल करणाऱ्याहून चांगला असू शकेल, याची जाणीवही करून दिली आहे. एवढा मोठा योद्धा तेथे हरला.

त्या लढतीत दोघेही जवळजवळ मरणाच्या दारी पोहोचले. चौदाव्या फेरीनंतर फ्रेझर यांचे डोळे सुजून मिटले होते, म्हणून त्यांच्या प्रशिक्षकांनी लढत थांबविली. लढतीनंतर अली यांनी फ्रेझर यांच्या मुलाला जवळ बोलावले आणि तुझ्या वडिलांबद्दल जे बोललो त्याचा खेद वाटतो, असे सांगितले. मुलाने निरोप पोहोचविला. फ्रेझर यांचे म्हणणे एवढेच होते की, हे त्याने मला स्वतः सांगायला हवे होते.

उशीर झालेली आणखी एक क्षमा

असाच दुसरा घाव माल्कम एक्स यांच्याबाबतीत झाला. अली यांना घडविण्यात माल्कम यांचा मोठा वाटा होता. ते त्यांना थोरल्या भावासारखे होते. १९६४ मध्ये माल्कम यांनी नेशन ऑफ इस्लाम सोडली. ते हजला गेले, सर्व वर्णांचे मुसलमान एका ताटात जेवताना त्यांनी पाहिले आणि त्यांनी खरा इस्लाम स्वीकारला. त्याच वर्षी घाना देशात त्यांची आणि अली यांची अचानक गाठ पडली. अली यांनी पाठ फिरविली. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी माल्कम यांची हत्या झाली. माल्कम यांच्याकडे पाठ फिरविणे ही आपल्या आयुष्यातील मोठी चूक होती, हे अली यांनी पुढे स्वतःच्या पुस्तकात कबूल केले. पण ज्याने ते ऐकायला हवे होते तो केव्हाच निघून गेला होता.

हात थरथरू लागले तेव्हा

१९७२ मध्ये अली यांनी हज केला. १९७५ मध्ये एलायजा मुहम्मद यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र वारिस दीन मुहम्मद यांनी अनुयायांना सुन्नी इस्लामकडे वळविले, तेव्हा अलीही त्या मार्गावर आले. वंशद्वेषाची भाषा त्यांनी सोडून दिली. १९८१ मध्ये शेवटची लढत झाली. एकूण ६१ लढती, ५६ विजय. १९८४ मध्ये त्यांना कंपवाताचे निदान झाले. ज्या जिभेने जगाला हसविले आणि काहींना रडविले, ती जड झाली. हात थरथरू लागले. तरी १९९० मध्ये ते बगदादला गेले आणि ओलीस ठेवलेल्या १५ अमेरिकनांना घेऊन परतले. २००२ मध्ये हॉलिवूडच्या पदपथावर त्यांच्या नावाचा तारा बसवायचे ठरले, तेव्हा त्यांनी एक अट घातली. प्रेषितांचे (स.) नाव लोकांच्या पायाखाली येता कामा नये. म्हणून त्यांचा तारा जमिनीऐवजी भिंतीवर आहे. नावाचा मान म्हणजे काय, हे त्यांना आता पुरते उमगले होते.

२००१ मध्ये त्यांनी एका वृत्तपत्राद्वारे फ्रेझर यांची जाहीर क्षमा मागितली. फ्रेझर यांनी आधी ती स्वीकारली, पण मनातील सल गेला नाही. क्षमा वृत्तपत्राकडे मागून काय उपयोग, माझ्याकडे मागायला हवी, असे ते पुढे म्हणाले. ७ नोव्हेंबर २०११ रोजी फ्रेझर यांचे निधन झाले. फिलाडेल्फियातील त्यांच्या अंत्यविधीला आजारी अली उपस्थित होते. फारसे बोलता न येणारा तो माणूस आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याला निरोप द्यायला आला होता. दोघांच्या मनात काय होते, ते अल्लाहच जाणतो.

३ जून २०१६ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, अली यांचे निधन झाले. रमजानच्या पहिल्याच आठवड्यात, ९ जून रोजी, लुईव्हिलच्या फ्रीडम हॉलमध्ये त्यांची जनाजाची नमाज झाली. ज्या शहरात कधी त्यांना उपाहारगृहात बसू दिले जात नव्हते, तेथे हजारो लोक त्यांच्यासाठी जमले होते.

तुमच्या-माझ्यासाठी

आपला दीन सांगतो की अल्लाहचे हक्क वेगळे आणि बंद्यांचे हक्क वेगळे. नमाज सुटली तर तौबा करावी, कजा अदा करावी. अल्लाह क्षमाशील आहे. पण ज्याचे मन दुखावले, त्याची क्षमा त्याच्याकडूनच मिळवावी लागते. प्रेषितांनी (स.) अशा दिवाळखोराची शिकवण दिली आहे, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे व जकात घेऊन येईल, पण कोणाला शिवी दिलेली, कोणावर आळ घेतलेला, आणि त्याची पुण्ये एकेकाला वाटण्यातच संपून जातील. खरा पहिलवान इतरांना लोळविणारा नव्हे, रागात स्वतःला आवरणारा आहे, हीदेखील त्यांचीच शिकवण.

तेव्हा आज घरी जाल तेव्हा स्वतःला विचारा. भावाच्या रंगावरून, वहिनीच्या माहेरावरून, वर्गातल्या मुलाच्या शरीरावरून आपण कोणाला नाव ठेवले आहे का? ज्याच्या मदतीवर उभे राहिलो, त्याचीच चारचौघांत टर उडविली आहे का? असेल, तर निरोप पाठवू नका, मोबाइलवर सर्वांना एकच क्षमेचा संदेश धाडून मोकळे होऊ नका. त्या माणसाचे नाव आदराने घ्या आणि त्याच्याच दारी जा. तो हयात आहे तोवर जा.

अल्लाह मुहम्मद अली यांच्या चुका क्षमा करो, त्यांच्या सत्कर्मांचा स्वीकार करो, आणि आपल्या जिभेपासून आपल्या बांधवांना सुरक्षित ठेवो. आमीन.