डोंगरावर चित्रं मांडणारा राजा : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

औंध (ता. खटाव) : रविवारी चार मित्र मोटारसायकली काढतात आणि यमाईला येतात. डोंगर चढून मूळपीठाचं दर्शन घेतात, फोटो काढतात, खाली येऊन चहा-भजी खाऊन घर गाठतात. याच डोंगरावर श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. तिथं काय असणार, असं म्हणून बरेचजण गाडी थांबवतच नाहीत. आत राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. हेन्री मूर या जगभर नावाजलेल्या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं दगडी शिल्पही आहे. एवढा ऐवज कमी पावसाच्या या तालुक्यात आला कसा, याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे.

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते बी. ए. झाले. १९०९ मध्ये गादीवर आले. संस्थान तसं लहानच, तेही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. औंध इकडं, आटपाडी तिकडं, कुंडल आणखी पलीकडं. पैशानं मोठं नव्हतं, पण राजाला नाद होते, आणि ते चांगले होते.

पहिला नाद चित्रांचा. दुसऱ्याची चित्रं विकत घेऊन भिंतीला लावणारे राजे पुष्कळ होते. हे स्वतः कुंचला घेऊन बसायचे. त्यांनी काढलेल्या चित्रांचं रामायण १९१६ मध्ये छापून निघालं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची शुद्ध प्रत तयार करायचं काम घेतलं, तेव्हा त्यांनी १ लाख रुपये द्यायचं कबूल केलं. अजिंठ्याच्या लेण्यांवर त्यांचं पुस्तक १९३२ मध्ये आलं. कीर्तनालाही ते स्वतः उभे राहायचे.

दुसरा नाद सूर्यनमस्काराचा. शाळेतल्या पोरांना सूर्यनमस्कार लावले ते त्यांनीच, आणि आधी रोज स्वतः घालून.

माणूस ओळखण्यातही नजर होती. बेळगावातून लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखाना हलवावा लागला, तेव्हा १९१० मध्ये बाळासाहेबांनी कुंडलजवळ माळरानाची जमीन दिली. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. गदिमा याच संस्थानातल्या शेटफळ्याचे, औंधच्या शाळेत शिकलेले.

१९३८ साल मात्र वेगळंच. त्याच वर्षी डोंगरावर संग्रहालयाची इमारत झाली. वाड्यात ठेवली असती तर चित्रं राजाच्या पाहुण्यांनीच पाहिली असती. देवीला येणाऱ्या माणसाच्या वाटेवर ती मांडली, म्हणजे शेतकरीही पाहणार. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, सत्तरी गाठल्यावर, राजानं स्वतःची सत्ता प्रजेला द्यायचं जाहीर केलं. मुलगा अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन खटपटीला होते. घटना करताना महात्मा गांधींचा सल्ला घेतला. जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. गावानं पंचायत निवडायची, कारभार खालून वर जायचा. देशाला स्वातंत्र्य मिळायला तेव्हा अजून आठ वर्षं होती!

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं ते याच काळात. कैद्यांनी कुलपाशिवाय राहायचं आणि शेती करायची. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा यावरच बेतलेला. त्याची कथा गदिमांची. सिनेमा सगळ्यांना माहीत, राजा फारसा कुणाला नाही.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. १३ एप्रिल १९५१ ला बाळासाहेब गेले. संग्रहालय आता राज्य सरकारकडं आहे. पुढच्या वेळी यमाईला गेलात तर दोन तास हाताशी ठेवून जा. रविवर्म्याच्या चित्रापुढं घाई करू नका. साडीची जर आणि दागिन्यातला मोती जवळून बघा, मग चार पावलं मागं सरकून पुन्हा बघा.