हैबतबाबांनी लावून दिलेली शिस्त

आमच्या दिंडीचे हे शंभरावे वर्ष. या अंकात दिंडीच्या पूर्वसूरींची चरित्रे आहेतच, पण ज्यांच्यामुळे आपण सगळे आज ओळीत चालतो त्या हैबतबाबांचे चार शब्द लिहिल्याशिवाय अंक पुरा व्हायचा नाही, असे आम्हां सगळ्यांना वाटले.

बाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळ गावचे, पवार घराण्यातले. तरुणपणी ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या पदरी चाकरीला गेले आणि सरदारकीला चढले. हुकूम कुणी द्यायचा, पाळायचा कुणी, पुढे कोण, मागे कोण, हे त्यांनी लष्करात पाहिले. पुढे गावाकडे परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना धरून डोंगरात कोंडले. तिथे बाबांनी हरिपाठ धरला. एकविसाव्या दिवशी नायकाच्या घरी मुलगा झाला आणि त्या आनंदात त्याने बाबांना सोडले, असे परंपरा सांगते. हा पुनर्जन्म माउलींनीच दिला असे मानून बाबा आरफळला न जाता आळंदीला आले, ते कायमचे. देवळात रात्रंदिवस भजन करायचे. सरदारकीची पगडी गेली, गळ्यात वीणा आली.

त्या काळी वारी नव्हती असे नाही. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत घेऊन सोहळा सुरू केला होता. पुढे मानपानावरून वाद झाले. तेव्हा बाबांनी माउलींची पालखी वेगळी काढली. साल साधारण १८३२ चे. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. वासकर, सुभानजी शेडगे, खंडोजीबाबा अशी भजनी मंडळी साथीला आली. वादातून निघालेला सोहळा पुन्हा वादात फुटू नये, ही काळजी बाबांना असणारच, असे आम्हांला वाटते. म्हणून त्यांनी कामे वाटून दिली.

आज वारीत जे दिसते ते त्याच घडीवर चालले आहे. बाबांचे वंशज आरफळकर हे सोहळ्याचे मालक. मालक म्हणजे धनी नव्हे. चालवण्याची जबाबदारी त्यांची. चोपदाराकडे दंड, म्हणजे व्यवस्था. कर्णा तीन वेळा होतो: पहिल्याला सामान बांधायचे, दुसऱ्याला आपापल्या जागी उभे राहायचे, तिसऱ्याला पालखी हलते. रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि बाकीच्या रथामागे, प्रत्येकीचा नंबर ठरलेला. दिंडीतही तसेच: पुढे पताका, मग टाळकरी, मधे मृदंग, मागे विणेकरी, त्यामागे तुळस आणि पाणी डोक्यावर घेतलेल्या आयाबाया. अभंग कोणता घ्यायचा हे विणेकऱ्याच्या हाती. तो गावचा पाटील असो की शेतमजूर, त्या वेळी पाटलानेही त्याच्यामागेच म्हणायचे.

आणि तक्रार? तिचीही सोय आहे, आणि आमच्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट तीच. मुक्कामाच्या तळावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदाराने दंड वर केला की टाळ-मृदंग थांबतात, हजारोंचा तळ चिडीचूप होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात आणि तिथल्या तिथे निवाडा होतो. हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात आणि मग आरती. भांडण पोटात ठेवून कुणी झोपायचे नाही, अशी ती रीत. अर्ज नाही की पावती नाही.

हे लिहायला कारणही घडले. काही वर्षांपूर्वी दिंडीची घटना लिहून ट्रस्ट नोंदवला. अध्यक्ष, सचिव, खजिनदार नेमले. कागद चांगलाच होता, पण वारीत गोंधळ उडाला. भिशीचे पैसे खजिनदाराने घ्यायचे, तर अध्यक्षांनीच परस्पर घेतले. ट्रक कुठे लावायचा हे सचिवांनी सांगितले, ड्रायव्हरला दुसऱ्याच कुणीतरी दुसरीकडे नेले आणि आमच्या म्हाताऱ्या माणसांना पावसात तासभर जेवण मिळाले नाही. एका मुक्कामी तर विण्याच्या पहाऱ्यावरूनही शब्दाला शब्द लागला. चूक आमचीच. पदे लिहिली, पण प्रत्येकाचे काम कुठे संपते ते लिहिलेच नव्हते.

वारीहून आल्यावर मारुतीच्या देवळात बैठक बसली. एका जुन्या टाळकरीबुवांनी हैबतबाबांची ही सगळी घडी पुन्हा सांगितली आणि मग घटनेत चार ओळी वाढवल्या. पैसा खजिनदाराकडेच यायचा, हिशोब दशमीला सगळ्यांपुढे वाचायचा. ट्रक आणि तळ सचिवांकडे. वाटेत भजनात विणेकऱ्याचाच शब्द, अध्यक्षांनीसुद्धा त्यात पडायचे नाही. आणि तक्रार असेल त्याने रात्री हरिपाठानंतर उभे राहायचे. पहिल्या वर्षी तिघे उभे राहिले, त्यांत एक अध्यक्षच होते. भाकरी गार मिळते म्हणाले.

बाबांनी देह ठेवला तो आळंदीतच. देवळाच्या महाद्वारातली पहिली पायरी ही त्यांची समाधी. माउलींच्या दर्शनाला येणाऱ्या वारकऱ्यांची पायधूळ आपल्यावर पडावी, ही त्यांची इच्छा. सगळ्या सोहळ्याची व्यवस्था लावणाऱ्याने स्वतःला जागा घेतली ती ही. कार्तिक वद्य अष्टमीला त्या पायरीची पूजा झाली की मगच संजीवन समाधी सोहळा सुरू होतो. यंदा आमची दिंडी सप्तमीलाच आळंदीत पोचणार आहे. ज्यांना पूजेला थांबायचे आहे त्यांनी राहण्याची नोंद सचिवांकडे करावी, अध्यक्षांकडे नको.