यांगत्सेच्या प्रवाहाविरुद्ध गेलेला डॉक्टर

दिवाळीची सुटी जवळ येऊ लागली की नागपूरकरांच्या घरोघरी सहलीचे बेत आखले जातात. पचमढी, चिखलदरा अनेकदा पाहून झालेले असते आणि थायलंड, सिंगापूरचेही आता फारसे अप्रूप उरलेले नाही. चीनची वाट मात्र मध्यंतरी पाच वर्षे अडली होती. २०२० साली बंद पडलेली थेट विमानसेवा २०२५ च्या ऑक्टोबर अखेरीस कोलकाता-ग्वांगझू मार्गाने पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून आठवडाभराच्या रजेत चीनमधला एखादा नदीकाठ पाहून येण्याचा विचार पुन्हा बोलला जाऊ लागला आहे.

अशा सहलीसाठी दोन नद्या प्रामुख्याने सुचवल्या जातात. पहिली ग्वेलिनची ली नदी. चुनखडीच्या उभ्या सुळक्यांमधून यांगशुओपर्यंत जाणारा तिचा ८३ किलोमीटरचा जलप्रवास चीनच्या वीस युआनच्या नोटेवरही चित्ररूपाने छापलेला आहे. ग्वांगझूहून जलद रेल्वेने तिथे तीनेक तासांत पोहोचता येते आणि हाताशी चारच दिवस असतील तर हीच नदी सोयीची. दुसरी यांगत्से. यिचांग ते चोंगचिंग हा तिचा सुमारे साडेसहाशे किलोमीटरचा टप्पा, आणि त्यात शिलिंग, वू आणि छूतांग या तीन प्रसिद्ध घळी. प्रवासी कंपन्या बहुधा चोंगचिंगहून प्रवाहाबरोबर खाली येणारी सहल सुचवतात, कारण ती लवकर आटोपते. आमचे मत उलट आहे. मराठी माणसाने ही नदी यिचांगकडून, प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने चढावी. १९३८ च्या अखेरीस पाच भारतीय डॉक्टर याच दिशेने गेले होते. त्यांत एक नागपूरचे होते, तर एक सोलापूरचा तरुण होता. हा तरुण पुन्हा मायदेशी परतला नाही.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मध्यमवर्गीय घर, भावंडे बरीच, आणि मुलाने डॉक्टर होऊन कुटुंबाला आधार द्यावा ही त्या काळातल्या कोणत्याही घरात असावी तशीच अपेक्षा. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली आणि ते पुढील शिक्षणाच्या मार्गाला लागले. जपानने १९३७ च्या जुलैत चीनवर आक्रमण केले नसते, तर सोलापुरातला किंवा मुंबईतला एक नावाजलेला शल्यचिकित्सक एवढीच कदाचित त्यांची ओळख राहिली असती.

चिनी सेनानी चू देह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची विनंती केली. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले आणि लोकवर्गणीतून बावीस हजार रुपये उभे राहिले. एक रुग्णवाहिका घेण्यात आली आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडण्यात आले. पथकाचे प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदन अटल. स्पेनच्या यादवी युद्धात काम केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. उपप्रमुख होते नागपूरचे डॉ. एम. आर. चोळकर. वयाने ते साऱ्यांत ज्येष्ठ. कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी हे आणखी दोघे. पाचवे कोटणीस, अजून अठ्ठावीस पूर्ण न झालेले. नागपुरात आज कोटणीसांचे नाव ठाऊक असलेले पुष्कळ भेटतात. चोळकरांचे नाव मात्र त्यांच्याच शहरात आठवून सांगावे लागते, ही खंत इथे नोंदवून ठेवतो.

१ सप्टेंबर १९३८ रोजी राजपुताना या बोटीने पथकाने मुंबई सोडली. त्या महिन्याच्या मध्यास ते ग्वांगझूला, म्हणजे तेव्हाच्या कॅन्टनला पोहोचले. कोलकात्याचे विमान आज जिथे उतरते, ते हेच शहर. सुन यत-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग यांनी तिथे त्यांचे स्वागत केले. तेथून महिनाअखेरीस ते यांगत्सेच्या काठी हांखौला आले. पुढे जे घडले ते पाहता वेळ किती थोडा होता हे कळते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ग्वांगझू जपान्यांच्या हाती पडले आणि त्यानंतर काही दिवसांतच हांखौसह सारे वुहान गेले. मागची वाट अशी बंद होत असताना डॉक्टर नदीने पश्चिमेकडे सरकत होते.

त्या वेळचे यिचांग डोळ्यांसमोर आणले पाहिजे. घळींच्या तोंडाशी असलेले हे बंदर निर्वासितांनी, जखमी सैनिकांनी आणि उखडून आणलेल्या कारखान्यांच्या यंत्रांनी भरून गेले होते. मोठ्या बोटी पुढच्या उथळ, खडकाळ पात्रातून जाऊ शकत नव्हत्या. लहान बोटींत माल आणि माणसे चढवून चोंगचिंगकडे न्यावी लागत आणि हिवाळ्यात पाणी उतरण्याच्या आत हे सारे उरकायचे होते. चीनच्या इतिहासात हे स्थलांतर फार मोठे मानले जाते. भारतीय पथकही याच ओघात वर गेले. आजचा प्रवासी त्या घळींतून जातो तेव्हा त्याच्याखालचे पाणी निराळे असते. यिचांगच्या वरच्या अंगाला बांधलेल्या प्रचंड धरणाचा जलाशय २०१० मध्ये १७५ मीटर उंचीपर्यंत भरला आणि जुने खडक, जुने घाट, कित्येक गावे त्याच्या पोटात गेली. कोटणीसांनी पाहिलेले कडे होते त्याच जागी आहेत, मात्र त्यांचा पायथा आता पाण्याखाली आहे.

चोंगचिंगला दोन गोष्टी घडल्या. शांतिनिकेतनातील चीन भवनाचे प्राध्यापक तान युन-शान यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली. प्रत्येकाच्या नावाअखेर चीन या अर्थाचा हुआ हा शब्द जोडला. चोळकर झुओ केहुआ झाले, कोटणीस के दिहुआ झाले. दुसरी गोष्ट म्हणजे सोलापूरहून आलेली वडिलांच्या निधनाची वार्ता. घरी आई, भावंडे आणि मोडलेली घडी. त्यांनी परत जावे असे सहकाऱ्यांनी सुचवले आणि त्यात कोणी दोषही दिला नसता. कोटणीस परतले नाहीत. या निर्णयाचे कौतुक करणे सोपे आहे. तो सोलापूरच्या घराला किती महाग पडला असेल याचा हिशेब मात्र चरित्रांतून क्वचितच मांडला जातो.

१९३९ च्या जानेवारीत पथक मोटारीने उत्तरेकडे निघाले आणि शियानमार्गे फेब्रुवारीत येनानला पोहोचले. पिवळ्या मातीच्या डोंगरांत खोदलेल्या गुहांत तिथे इस्पितळे चालत. त्याच वर्षी डॉ. चोळकर वयोमानामुळे आणि डॉ. मुखर्जी मूत्रपिंडाच्या विकारामुळे भारतात परतले. पुढच्या वर्षी त्वचारोगाने त्रस्त झालेल्या डॉ. अटल यांनाही परतावे लागले. राहिले बसू आणि कोटणीस. १९४० च्या उन्हाळ्यात हे दोघे जपानी फौजांच्या पिछाडीला, हेबेई प्रांतातील डोंगराळ तांग परगण्यात गेले. कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांनी आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच प्रदेशात प्राण सोडला होता. त्यांच्या समाधीच्या समारंभात कोटणीसांची गुओ छिंगलान या परिचारिकांच्या शिक्षिकेशी भेट झाली. काही काळाने बसूंना येनानला परत बोलावून घेण्यात आले आणि कोटणीस त्या डोंगरांत एकटे भारतीय उरले.

त्याच वर्षी झालेल्या एका लढाईत तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमी त्यांच्याकडे आले. त्यांपैकी साडेपाचशेहून अधिक जणांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. एकदा तर ते सलग बहात्तर तास झोपेविना उभे होते. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे ते संचालक झाले. इस्पितळ म्हणजे मोठी इमारत नव्हे. शेतकऱ्यांची घरे हीच रुग्णालये, आणि शत्रू जवळ आला की रुग्णांसह सारे दुसऱ्या गावी हलवायचे. औषधांचा तुटवडा कायमचाच. चिनी भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते त्याच भाषेत शिकवू लागले आणि शल्यशास्त्रावर पाठ्यपुस्तके लिहू लागले. पहिले पूर्ण झाले, दुसरे अपुरेच राहिले.

१९४१ च्या अखेरीस त्यांनी गुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. सेनापती निए रोंगचेन यांनी त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच जुलैत कोटणीसांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व स्वीकारले होते. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते आणि उपचारासाठी मागे जाण्याचा आग्रह ते मानत नव्हते. ९ डिसेंबर १९४२ रोजी असेच लागोपाठ झटके येऊन त्यांचे निधन झाले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या डॉ. कोटनीस की अमर कहानी या चित्रपटाने हे चरित्र घराघरांत नेले, पण एक गैरसमजही मागे ठेवला. चित्रपटातील डॉक्टर प्लेगशी झुंजून त्यालाच बळी पडतो. ज्येष्ठ नागपूरकरांकडून आजही तीच हकीकत ऐकायला मिळते. प्रत्यक्षातला मृत्यू अधिक साधा आणि अधिक एकाकी होता.

कोटणीसांची समाधी यांगत्सेच्या काठी नाही. आधी त्यांना तांग परगण्यातच पुरण्यात आले. नंतर हेबेईची राजधानी शिजियाजुआंग येथील हुतात्मा स्मशानभूमीत, बेथ्यून यांच्या सान्निध्यात, त्यांची समाधी हलवण्यात आली. त्यामुळे घळी पाहून चोंगचिंगला उतरणाऱ्याने थेट परतीचे तिकीट काढू नये. रेल्वेने उत्तरेकडे जाण्यासाठी दोन दिवस हाताशी ठेवावेत. ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळावा, कारण राष्ट्रीय सुटीमुळे चीनमध्ये गाड्या आणि बोटी तुडुंब भरलेल्या असतात. दिवाळीच्या सुमारास घळींत हवा आल्हाददायक असते, हेबेईत मात्र गरम कपडे लागतात. एप्रिलच्या आरंभी, पूर्वजांच्या स्मरणाच्या छिंगमिंग सणाला, चिनी माणसे थडग्यांवर फुले वाहतात. त्या दिवसांत गेलात तर के दिहुआच्या समाधीवरही ती दिसतील.

यिनहुआ वडिलांप्रमाणेच वैद्यकीय शिक्षण घेत होता. १९६७ साली, पदवी हाती येण्याआधीच, वयाच्या चोविसाव्या वर्षी तो शियानमध्ये वारला. गुओ छिंगलान सत्तर वर्षांनी, २०१२ साली गेल्या. त्याच वर्षाच्या आरंभी सोलापुरातल्या कोटणीसांच्या जन्मघराचे स्मारक म्हणून उद्घाटन झाले होते. ज्यांना चीनला जाणे जमणार नाही, त्यांच्यासाठी तेही घर आहेच.