विश्लेषण : जिमी हेंड्रिक्स आजही अव्वल का?

सर्वश्रेष्ठ रॉक गिटारवादक कोण, या वादात एरिक क्लॅप्टन, जिमी पेज, जेफ बेक ही नावे येतातच. पण पहिले नाव बहुधा जिमी हेंड्रिक्सचे असते. त्याची प्रसिद्धीतली कारकीर्द जेमतेम चार वर्षांची.

सुरुवात कशी झाली?
२७ नोव्हेंबर १९४२ रोजी सिएटलमधील गरीब घरात जन्म. अमेरिकी लष्करात छत्रीधारी सैनिक म्हणून वर्षभर काढल्यावर तो लिटल रिचर्डसारख्या गायकांना साथ करू लागला. १९६६ मध्ये चास चँडलरने त्याला लंडनला नेले आणि नशीब पालटले.

वेगळे काय केले?
डावखुरा हेंड्रिक्स उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवी. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. अॅम्प्लिफायरची घरघर, शीळ हा एरवी दोष मानला जाई. त्याने त्यातूनच संगीत घडवले. १९६९ मध्ये वुडस्टॉकला त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवले, तेव्हा गिटारीतून बॉम्बस्फोटांसारखे आवाज उमटले. व्हिएतनाम युद्ध तेव्हा सुरू होते.

वाद का संपत नाही?
१८ सप्टेंबर १९७० रोजी, झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनानंतर, लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय अवघे २७, हयातीतले स्टुडिओ अल्बम तीन. तरीही ‘रोलिंग स्टोन’च्या २००३ आणि २०२३ च्या याद्यांत तोच पहिला. त्याच्याहून वेगाने वाजवणारे नंतर अनेक आले. पण इलेक्ट्रिक गिटारीतून काय काय निघू शकते, हे आधी त्याने दाखवले होते.